निळ्या काचेचा हिरवा दिवा

आमच्या घरी पहिल्यांदाच येणारा माणूस बेल वाजवण्याआधी क्षणभर थबकतो. दाराच्या उजव्या अंगाला, नावाच्या पाटीच्या वर, एक लाल दिवा लागलेला असतो. काळ्या पत्र्याची पेटी, वर छोटेसे धुराडे आणि पुढे वाटीएवढे भिंग. मागे एकदा औषधे घेऊन आलेला एक मुलगा तो दिवा पाहून पंधरा मिनिटे जिन्यातच उभा राहिला होता. आत ऑपरेशन चालले असावे असा बिचाऱ्याचा समज झाला! आमच्या सौभाग्यवतींना ही हकीकत पाहुण्यांना सांगायला फार आवडते. सांगून झाली की ती म्हणते, "त्याचं तरी काय चुकलं? या घरात कुणाला तरी डॉक्टरला दाखवायला हवंच आहे."

हा दिवा आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीला टांगायचा. गाडी स्टेशनातून निघून जाताना स्टेशनमास्तरची नजर असते ती त्यावर. तो दिसला की गाडी सबंध गेली. दिसला नाही, तर वाटेत कुठे जोडणी सुटून मागचे डबे रुळावरच राहिले असण्याचा संभव. मग ती वाट मोकळी आहे असे मागच्या स्टेशनाला कळवता येत नाही. सौ. लग्नकार्याहून परत निघताना मुले, डबे आणि छत्र्या मोजते त्यातलाच प्रकार. फक्त रेल्वे एकच वस्तू मोजते, शेवटची.

असे शेपटीचे दिवे माझ्याकडे चार आहेत, गार्डाच्या हातबत्त्या पाच, आणि सिग्नलच्या खांबावर चढवायचे दिवे आठ. एकूण सतरा. घर तीन खोल्यांचे.

पहिला दिवा मी १९७९ साली पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बँकेतल्या कारकुनाला बुधवार जमत नाही म्हणून रविवारी जात असे. फुटक्या ग्रामोफोनशेजारी, बिनदांड्याच्या खलबत्त्यांच्या ढिगात तो आडवा पडला होता. मालकाने पन्नास सांगितले, मी तीस म्हटले, चाळीसला तुटले. तेव्हा चाळीस रुपयांत घरातला कितीतरी किराणा येत असे, आणि तसे मला पुढे पुष्कळदा ऐकावे लागले. आता तसाच दिवा जुन्या वस्तूंचे दुकानदार हजारांच्या भाषेत बोलून दाखवतात, आणि तोही बऱ्याच वेळा जुना नसतोच. कारखान्यातून नवा करून, वर थोडा गंज चढवून आणलेला असतो. ओळखण्याची खूण सांगतो. दार उघडून आत नाक घालावे. खऱ्या दिव्याला चाळीस वर्षांनीही रॉकेलचा वास येतो, आणि धुराड्याच्या आत काजळीचा असा थर असतो की बोट पंधरा दिवस धुवावे लागते. नव्या दिव्याचे भिंगही हातात घेतले की कळते. बिचारे हलके असते.

सुरुवातीला घरच्यांना भीती निराळीच होती. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे, हे मेहुण्याने कुठेसे वाचले आणि जेवताना सांगितले. सौ.चा घास हातातच राहिला. तेव्हापासून मी लिलावात भंगार घेणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच माल घेतो आणि पावतीशिवाय घेत नाही. त्या पावत्या आमच्या लग्नपत्रिकेच्या फायलीत आहेत. का, ते विचारू नये.

आता या दिव्यांचे करायचे काय? नुसते मांडून ठेवले तर धूळ खातात. म्हणून मी त्यांना कामाला लावतो. एक हातबत्ती नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे, एक देवघरात रात्रीचा मंद दिवा म्हणून, एक भाचीला लग्नात दिली. (तिच्या सासरी ती बागेत टांगली आहे, म्हणजे पावसात. मी बोललो नाही.) रॉकेलच्या दिव्याचा विजेचा दिवा करणे हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि बहुतेक लोक ते अत्यंत वाईट रीतीने करतात. वायर आत घ्यायला बरम्याने पत्र्यालाच भोक पाडतात. ऐंशी वर्षे वारापाऊस सोसलेल्या वस्तूला आपण घरात आणून पहिली गोष्ट करायची ती भोक पाडण्याची! वायर धुराड्यातून सरळ आत जाते. रॉकेलची टाकी आणि वातीचा बर्नर उचलून बाजूला ठेवावा, त्याच मापाचा लाकडी ठोकळा सुताराकडून करून घ्यावा, आणि त्यावर होल्डर बसवावा. उद्या कुणाला परत वात लावावीशी वाटली तर दिवा जसाच्या तसा व्हायला हवा. दुसरे असे, की ज्योत जेवढ्या उंचीवर जळत असे, बरोबर तेवढ्याच उंचीवर बल्ब यायला हवा. भिंग त्या ज्योतीसाठी घडवलेले असते. बल्ब अर्धा इंच वरखाली झाला की समोर जायचा प्रकाश छताकडे नाही तर पायांकडे जातो, आणि लोक म्हणतात, "दिसायला छान, पण उजेड काही पडत नाही हो."

पितळेचे भाग चिंचेने घासावेत. बाजारातल्या पॉलिशने नव्हे. आमच्याकडे वसुबारसेला समई, ताम्हन, पंचपाळे आणि दिव्यांच्या बिजागऱ्या एकाच परातीत पडतात. हे स्वातंत्र्य मला मिळायला लग्नानंतर अकरा वर्षे लागली.

पण माझे आठ सिग्नलचे दिवे पाहायला येणाऱ्यांची एक निराशा ठरलेली. ते रंग शोधतात. हातबत्तीत रंग असतात. आतले नळकांडे फिरवले की तांबडा, हिरवा, पांढरा. सिग्नलच्या दिव्यात मात्र रंग नसतो. भिंग साधे, पांढरे. रंग असतो तो खांबावरच्या हाताला जोडलेल्या लोखंडी चष्म्यात. या चष्म्याला दोन काचा, वर तांबडी आणि खाली हिरवी. हात आडवा असला की तांबडी काच दिव्यासमोर येते. केबिनमधून तार ओढून हात खाली पाडला की चष्मा वर उचलला जातो आणि हिरवी समोर येते. दिवा आपला जागच्या जागी जळत राहतो. तार तुटली तर वजनाच्या ओढीने हात आपोआप आडवा होतो, म्हणजे धोका. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, अशी ती सारी मांडणी. पूर्वी, गेल्याच्या गेल्या शतकात, विलायतेत मार्ग मोकळा दाखवायला पांढरा दिवा असे. मग लक्षात आले की तांबडी काच फुटून पडली तरी दिसणारा दिवा पांढराच! तेव्हा पांढऱ्याला रजा मिळाली आणि हिरवा आला.

तर ती हिरवी काच. अशी एक काच माझ्यापाशी आहे. एका कडेला टवका उडालेली, तळहातापेक्षा थोडी मोठी. गेल्या दिवाळीत नातवाने ती माझ्या पेटीतून काढली आणि उजेडाकडे धरून म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर हिरवी म्हणाला होता. ही निळी आहे."

काच निळीच आहे. निळसर हिरवी म्हणा हवे तर. त्याने ती माझ्या एका दिव्यासमोर धरली. त्या दिव्यात त्याच्या बापाने नव्या तऱ्हेचा पांढराशुभ्र एलईडी बल्ब घातला होता. समोरच्या भिंतीवर निळे वर्तुळ पडले. पोरगे खो खो हसायला लागले.

मला राग आला. तो पोराचा नव्हता. मी उठलो, आठातला एक दिवा काढला. त्याला मी कधीच वीज लावलेली नाही. आमच्या शिधापत्रिकेवरचे रॉकेल गॅस आला तेव्हाच बंद झाले. एक बाटली मी कुठून कुठून मिळवून गॅलरीत ठेवलेली असते. टाकी भरली, वात कापली, लावली. दार बंद केले आणि काच भिंगासमोर धरली.

हिरवा! शेताच्या बांधासारखा हिरवा.

रॉकेलची ज्योत पिवळी असते. पिवळ्या ज्योतीपुढे खरी हिरवी काच धरली तर रंग पिवळट, मेलेला दिसतो. म्हणून काच करणारा मुद्दाम निळी करतो आणि पिवळ्यातून ती हिरवी होते. त्या काचेला विजेचा पांढरा उजेड माहीतच नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?" नातवाने विचारले.

हे मला बत्तीमामांनी सांगितले. १९६४ साली. आणि पुढचे जे आहे ते मी त्या रात्रीपर्यंत घरात कुणालाच सांगितले नव्हते.

माझे वडील, अण्णा, दौंड-मनमाड मार्गावर एका लहान स्टेशनात असिस्टंट स्टेशनमास्तर होते. एकेरी रूळ, पाण्याची टाकी, चार क्वार्टर्स आणि एक कडुनिंब. मोठ्या गाड्या थांबत नसत. वीज नव्हती. संध्याकाळ झाली की लॅम्परूममधून बत्तीमामा निघत. खांद्यावर बांबू, बांबूला दिवे. दोन्ही बाजूंच्या सिग्नलपर्यंत चालत जायचे, प्रत्येक खांबाच्या शिडीवर चढायचे, दिवा बसवायचा. सर्वांत लांबचा आउटर. सकाळी पुन्हा तीच फेरी. सगळे दिवे उतरवायचे, राखेने आणि रद्दी कागदाने काचा पुसायच्या. वातीची दोन्ही टोके ते कात्रीने इतकी नाजूक कापत, की माझी आई म्हणे, यांनी शिंपी व्हायला हवं होतं.

टवका उडाल्यामुळे बदललेली ती काच त्यांनी मला दिली. मी घरी नेली आणि फणकाऱ्याने परत आलो. "मामा, ही तर निळी आहे!" ते हसले. "दिवा लाव की धाकलं मास्तर, मंग बघ."

मग मी ठरवले, यंदाचा आकाशकंदील आपला. पावडरचा मोठा डबा कापला, काच बसवली, आत चिमणी. दिवाळीत रेल्वेच्या मुलांची फार उपेक्षा होते. अण्णांच्या कपाटात फटाक्यांचा सबंध डबा होता. पण ते धुक्यात रुळावर ठेवायचे, ड्रायव्हरला इशारा देण्यासाठी. ते कुलपात. निदान कंदील तरी सगळ्यांहून निराळा! आईकडे रॉकेल मागितले. ती म्हणाली, "घरात दोन दिवे जळायला पुरत नाही, तुझे खेळ कसले?"

लॅम्परूमचे दार दुपारी उघडेच असे. डब्यात रॉकेल तळाशी थोडेच उरले होते. मी दोन बाटल्या काढल्या. पातळी खाली गेलेली दिसली. दहा वर्षांच्या अकलेने मी तेवढेच पाणी ओतून ती सारखी केली.

पाणी रॉकेलच्या खाली बसते. डबा कलंडला की आधी रॉकेल येते, शेवटी पाणी. बत्तीमामांनी दिवे भरायला घेतले तेव्हा आधीच्या सगळ्या दिव्यांत चांगले रॉकेल पडले. शेवटी भरलेला दिवा आउटरचा होता.

नरकचतुर्दशीच्या आदली रात्र. माझा कंदील क्वार्टरच्या ओट्यावर हिरवागार लागला होता, आणि मी सगळ्यांना बोलावून दाखवत होतो. रात्रीच्या एक्स्प्रेससाठी अण्णांनी सिग्नल पाडले. सिग्नलच्या दिव्याला मागच्या बाजूला एक बारीक भोक असते. त्यातून पांढरा ठिपका स्टेशनाकडे दिसतो. दिवा जळतो आहे की नाही हे समोरून ड्रायव्हरला दिसते, मागून स्टेशनाला कळावे म्हणून ही सोय. पण हात खाली पडला की एक झडप त्या भोकावर येते आणि ठिपका दिसेनासा होतो. सिग्नल बरोबर पडला याची ती खूण. आउटरचा ठिपका गेला. अण्णा निश्चिंत झाले. त्यानंतर केव्हातरी वातीने पाणी ओढले आणि दिवा विझला. स्टेशनातून पाहणाराला यात काहीच फरक दिसणार नव्हता.

मग शिट्टी ऐकू आली. लांब, पुन्हा लांब, पुन्हा. गाडी आउटरबाहेर उभी. सिग्नलच्या जागी दिवाच नसेल तर ड्रायव्हरने तो धोका समजायचा आणि थांबायचे, असा नियम आहे, आणि त्या ड्रायव्हरने तो पाळला. म्हणूनच मी हे आज दिवाळी अंकात लिहू शकतो. अण्णांनी सांधेवाल्याला हातबत्ती देऊन पिटाळले. गाडी जायला अर्धा तास लागला. मी ओट्यावर उभा होतो. मला अजून काही समजले नव्हते. समजले ते पहाटे, अभ्यंगस्नानाच्या वेळी, अण्णा आईला म्हणाले तेव्हा: "टाकीत पाणी निघालं."

चौकशी झाली. दिवे भरण्याची जबाबदारी बत्तीमामांची. पाणी निघाले त्यांनी भरलेल्या दिव्यात. अण्णांनी रिपोर्टात जे दिसले ते लिहिले. मामांची एक वर्षाची पगारवाढ रोखली आणि बदली दौंडला झाली. मी गप्प होतो. शाळेत "खरे बोलावे" हा धडा त्याच वर्षी होता. मला तो तोंडपाठ होता.

जाण्याच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. आई आत चहा टाकत होती. ते ओट्यावर बसले आणि त्यांनी माझा कंदील हातात घेतला. उघडला. आत पाहिले, वास घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून कात्री काढली. "वात वाकडी कापलीस," ते म्हणाले. "काजळी धरंल." वात कापून, दार लावून, कंदील होता तिथे ठेवला. चहा झाला आणि ते गेले.

मोठा झाल्यावर, १९८३ साली, मी दौंडला गेलो होतो. बँकेच्या कामासाठी असे घरी सांगितले. माणूस केव्हाच निवृत्त होऊन गावी गेला होता. कुठल्या गावी ते कुणाला धड सांगता आले नाही. लॅम्परूमपाशी एक तरुण खलाशी होता. त्याने मला दिवा हवा आहे असे समजून भाव सांगितला.

अण्णांना मी सांगितले ते १९८७ साली, त्यांच्या शेवटच्या आजारात. वाटले होते, रागावतील, नाही तर हसतील. ते छताकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "रिपोर्टावर सही माझी होती रे." त्यानंतरचे आठ दिवस ते त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत, पण झोपत नव्हते. आता वाटते, त्यांना सांगायला नको होते. सांगायचे होते ते दुसऱ्याला, आणि तेवीस वर्षे आधी.

हे सारे ऐकता ऐकता नातू केव्हाच झोपला होता. सौ. दारात उभी होती. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली. पण या दिव्यांविषयी तिने त्या रात्री जो प्रश्न विचारला तो पूर्वी कधी विचारला नव्हता.

"त्यांना मुलं होती?"

"दोन मुली."

"मग त्यांची एका वर्षाची वाढ म्हणजे..." ती बोलता बोलता थांबली. घरचा हिशेब चाळीस वर्षे तिनेच ठेवला आहे.

यंदा वसुबारसेला परातीत चिंच भिजत घातली तेव्हा तिने तो दिवा आपणहून काढून आणला. गॅलरीत, आकाशकंदिलाच्या जागी, तो टांगला. पुढे ती टवक्याची काच तारेने बांधली. रॉकेल मी भरले. टाकी आधी उन्हात वाळवून, दोनदा पाहून. वात कापताना ती शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "वाकडी नको." लांबून रस्त्यावरून पाहिले तर हिरवा दिसतो, आणि मागच्या बारीक भोकातून पांढरा ठिपका स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पडतो. झडप माझ्याकडे नाही.

रात्री अकराच्या सुमारास मी वर्तमानपत्र वाचत पडलो होतो. भांड्यांचा आवाज थांबला. आतून सौ. म्हणाली, "जळतोय हो."